अंगठ्याएवढं कुंकू

आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी तुम्ही मला उगाच थोर समजाल. मला कृत्तिका वाघचौरेचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचा आणि रात्री उशीवर डोकं टेकलं तरी चालूच असायचा. ती माझी विद्यार्थिनी. पिपेट कशी धरायची ते तिला मी शिकवलं. ती एकतीस वर्षांची होती आणि माझी साठी नऊ महिन्यांवर आली होती. आमच्या कुरकुंभच्या रसायन केंद्रात साठीला तुम्हाला शाल-श्रीफळ देतात आणि गेटचं कार्ड काढून घेतात.

मी वैजयंती सोनटक्के. केंद्रात मला पाठीमागे गंधकवाली म्हणतात, तोंडावर सोनटक्के मॅडम. तेहतीस वर्षं मी एकच काम केलं, कार्बनला गंधक जोडायचं. बऱ्याच औषधांच्या रेणूत कुठेतरी गंधकाचा एक अणू बसलेला असतो, आणि तो काढला तर औषधाचा गुण जातो. तो बसवणं हा माझा धंदा. धंदा म्हटलं की त्याचा वास आलाच. घरातल्या सिलिंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम घातलेल्या गंधकाच्या संयुगाचा असतो. त्याची सगळी भावंडं माझ्या केसांत, ओढणीत, डब्याच्या पिशवीत मुक्कामाला. दौंडला आमच्या इमारतीतल्या लोकांनी माझ्यामुळे तीन वेळा गॅस एजन्सीला फोन केलाय. एसटीत माझ्या शेजारची जागा कायम रिकामी.

नवऱ्याला मात्र तक्रार नाही. दिगंबर रेल्वेत लोको पायलट होता, आता निवृत्त. कोरोनाच्या वर्षी त्याचा वास गेला तो परत आलाच नाही. आमचं लग्न टिकलं त्याचं निम्मं श्रेय त्या साथीला आहे.

पण याच नाकावर माझी पत होती. बाटलीचं बूच उघडलं की मी सांगायचे, गंधक जागेवर बसलाय की भलतीकडे. कांद्यासारखा वास आला तर अर्धं काम झालंय. जळक्या रबरासारखा आला तर सगळं फेकून द्या. यंत्रावर नमुना लावून तासाभराने तेच उत्तर यायचं. मुंबईहून लोक बाटल्या घेऊन माझ्याकडे यायचे. माझ्या नाकाला मान होता, आणि मला तो आवडायचा. यात लाज कसली.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे.

औषधाचा रेणू म्हणजे कार्बनचा सांगाडा, आणि त्याच्या अंगावर सगळीकडे हायड्रोजन चिकटलेले. हे हायड्रोजन महाआळशी. कुणात मिसळत नाहीत, जागेवरून हलत नाहीत. त्यांच्यातल्या एकाला उठवून तिथे गंधक बसवायचा, तर आम्ही जुने लोक काय करायचो? आधी त्या जागी ब्रोमीन घालायचो. ब्रोमीन म्हणजे असा भाडेकरू की जरा दमात घेतलं की घर सोडतो. मग त्याला हुसकावून गंधक आत. म्हणजे एका माणसाला घरात घ्यायला आधी दुसऱ्याला घ्या, मग त्याला काढा. सात-आठ पायऱ्या, दोन-तीन आठवडे, आणि दर किलोमागे वीस किलो घाण.

सरळ हायड्रोजन काढून गंधक का बसवत नाही? तीन अडचणी. एक, तो बंध भलताच चिवट. दोन, रेणूवर वीस हायड्रोजन असतील तर सगळे एकसारखे दिसतात, नेमका हवा तोच कसा उठवायचा? तीन, असल्या कामाला जे धातूचे उत्प्रेरक लागतात त्यांना गंधक असा चिकटतो की ते निकामी होतात. चांदीच्या वाट्या काळ्या पडतात ना, तेच. म्हणून शंभर वर्षं लोक म्हणत आले, नको रे बाबा, ब्रोमीन बरा.

कृत्तिका म्हणाली, प्रकाशाने करू. धातू नकोच. तिने एक निळसर रंगाचा उत्प्रेरक बनवला. त्याच्यावर दिवा पडला की तो जागा होतो आणि एकच, ठरावीक जागचा हायड्रोजन उपटतो. मोकळ्या जागेवर गंधक येऊन बसतो. तो गंधकही थायॉलच्या, म्हणजे त्या सिलिंडरच्या वासाच्या भावंडांच्या, घाणेरड्या बाटलीतून नाही, पांढऱ्या, बिनवासाच्या भुकटीतून. कल्पना सुंदर होती. चार वर्षं जमत नव्हती. चार वर्षं मी तिला म्हणत होते, "होईल गं, धीर धर," आणि मनात म्हणत होते, नाही झालं तरी चालेल.

तिने पाचव्या वर्षी एक नवा डबा मागवला. पाव-भाजीच्या पार्सलाएवढा, पांढराशुभ्र. आत एका बाटलीची जागा आणि तिच्या बाजूला रुपयाएवढा एक पांढरा दिवा, त्यावर गोल काच. झाकण लावलं की दिवा लागतो, उघडलं की विझतो. केंद्राने तिला तो तीन दिवसांत मंजूर केला. माझा फ्यूम हूड, विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, गेली अडीच वर्षं मंजुरीत होता.

डबा आला आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. वजनकाट्यापासून रेणू तपासायच्या कोट्यवधींच्या चुंबकापर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजेचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा, म्हणजे माझा. आणि एकदा लावलेलं कुंकू पुढच्या नवमीपर्यंत कुणी पुसायचं नाही, असा रिवाज. नवे मुलगे-मुली हसतात, पण पुसत तेही नाहीत. आमच्या फ्रिजवर तर अकरा वर्षांचे थर आहेत.

मी ताट घेऊन सगळीकडे फिरले. कुंकू घरचं, हळदीचं. काचेवर, पत्र्यावर धरावं म्हणून त्यात तेलाचे दोन थेंब कालवलेले. कृत्तिकाच्या टेबलाशी आले तर हिने डब्याचं झाकण उघडून ठेवलेलं, वर झेंडू, आणि संचालक स्वतः तिथे उभे. "मॅडम, हा आपला भविष्यकाळ," ते डब्याकडे हात करून म्हणाले. मग भूतकाळ कोण, ते मला कळलं. कुंकू लावतात करंगळीशेजारच्या बोटाने, हलकं. मी अंगठा बुडवला आणि आतल्या त्या दिव्याच्या काचेवर दाबून फिरवला. काच पुरती माखली. कृत्तिका बघत होती. तिने वाकून मला नमस्कार केला.

त्यानंतर सहाव्या दिवशी तिची अभिक्रिया जमली.

जमली म्हणजे कशी, शंभरातले ब्याण्णव रेणू, एकाच जागी गंधक, चार तासांत. तिने लगेच हिशेब लावला की पूजेच्या आदल्या दिवशी तिने उत्प्रेरकाचा नवा, जास्त शुद्ध साठा बनवला होता, त्याचाच हा गुण. कुणालाही तसंच वाटलं असतं. मलाही वाटलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. जानेवारीत शोधनिबंध आला. फेब्रुवारीत टीव्हीवाले. रुग्णालयांना तर हर्षच झाला, कारण यातून निघणारी गोष्ट खरंच मोठी होती. जुनी प्रतिजैविकं जंतूंना आता ओळखीची झालीत, ती कामच करत नाहीत. नवं औषध शोधायला दहा वर्षं जातात. पण जुन्याच औषधाचा एक हायड्रोजन काढून गंधक बसवला तर जंतूला ते ओळखू येत नाही. म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या खोलीत असा एक डबा ठेवायचा. सकाळी रुग्णाचा जंतू तपासायचा, दुपारी जुनं औषध डब्यात घालायचं, संध्याकाळी नवं हातात. परवानग्यांच्या भानगडी होत्या, पण सरकारने सतरा जिल्हा रुग्णालयांची यादीसुद्धा काढली.

आणि या सगळ्याला वास नव्हता. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. पोरगी दिवसभर गंधकात काम करून संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा माळून एसटीत बसायची, आणि तिच्या शेजारी लोक बसायचे.

दिगंबरला ती फार आवडे. गावी संगमनेरला जाऊन आली की त्याच्यासाठी पेढे आणायची. तो टीव्हीसमोर बसून म्हणाला, "वैजू, बघ, तुझं नाव घेतलं तिने. माझ्या गुरू म्हणाली."

"अडीच सेकंद घेतलं," मी म्हटलं.

"मोजलेस?"

मोजले होते.

*

आता नियम असा झालाय की कुठलाही असा दावा आला की तीन वेगवेगळ्या शहरांतली पडताळणी केंद्रं तो पुन्हा करून बघतात. तिथे माणूस नसतो. यंत्राचे हात निबंधात लिहिलंय तेच, लिहिलंय तसंच करतात. नवा डबा, नवी बाटली, कृत्तिकाने स्वतः पाठवलेला उत्प्रेरक. एप्रिलच्या शेवटी तिन्ही अहवाल आले. त्रेचाळीस वेळा केलं, एकदाही जमलं नाही. बाटलीत सतरा प्रकारचा गाळ.

पहिल्यांदा लोक म्हणाले, काहीतरी चूक असेल. मग म्हणाले, काहीतरी गडबड असेल. मे महिना संपेपर्यंत सरळच म्हणू लागले, आकडे बनवलेत. सतरा रुग्णालयांची यादी गुपचूप मागे घेतली. चौकशी समिती बसली आणि कृत्तिकाच्या खोलीला कुलूप लागलं. दोषी ठरली असती तर तिची डॉक्टरेट जाणार होती आणि देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेचं दार तिला बंद होणार होतं.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, पहिल्या दिवशी मी घरी येऊन पुरणपोळी केली. सण नव्हता, काही नव्हतं. दिगंबरने एक खाल्ली आणि ताट बाजूला सारलं.

"पोरगी बुडतेय," तो म्हणाला, "आणि तू स्वयंपाकघरात गुणगुणतेयस."

"मी रोजच गुणगुणते."

"एकोणतीस वर्षांत नाही ऐकलं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

समितीने मला सांगितलं की तुम्ही ज्येष्ठ, तटस्थ, तुम्ही कृत्तिकाच्या खोलीत तिच्या गैरहजेरीत एकदा करून बघा. तटस्थ म्हणे. तीन जूनला मी तिच्या डब्यात तिच्या पद्धतीने केलं. चार तासांनी बूच उघडलं आणि नाकाशी नेलं.

भाजलेल्या तिळांचा वास. हलका, स्वच्छ. म्हणजे गंधक नेमका जागेवर, बाकी काही नाही. तेहतीस वर्षांत इतका स्वच्छ वास मला स्वतःच्या बाटलीतून आला नव्हता. मी ती बाटली धरून तशीच उभी राहिले आणि मला रडू येईल की काय असं वाटलं, रागाने.

मग मी भांडारातून तसाच दुसरा, कोरा डबा आणून त्यात केलं. कांदा, रबर, कुजका कोबी. सगळं गावच्या गटारासारखं. तेच रसायन, तोच उत्प्रेरक, तीच मी. फरक फक्त डब्याचा. दोन्ही डबे शेजारी ठेवून, झाकणं उघडून मी आत वाकून बघितलं. एकाची काच लखलखीत होती. दुसरीवर, दिव्याच्या उष्णतेने पक्कं भाजून निघालेलं, तांबडं, अंगठ्याएवढं कुंकू होतं. त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

मला कळायला फार तर एक मिनिट लागलं असेल. पांढऱ्या दिव्यात सगळे रंग असतात. उत्प्रेरकाला जागं करायला लाल पुरतो. पण त्याच दिव्यातला निळा भाग ती गंधकाची भुकटीच फोडत होता, आणि फुटलेला गंधक दिसेल तिथे जाऊन बसत होता. म्हणून सतरा प्रकारचा गाळ. हळदीच्या कुंकवाने निळा अडवला, हिरवा अडवला, फक्त लाल आत सोडला. झाकण बंद झाल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे आतला उजेड लाल झालाय हे कुणी बघितलंच नव्हतं. आणि कृत्तिकाने निबंधात बाटली किती वेळा हलवायची तेही लिहिलं होतं, पण पूजेचं कुंकू कुणी उपकरणाच्या वर्णनात लिहितं का? ते तिला दिसत होतं, जसं घराचं दार दिसतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

त्याच संध्याकाळी मी कपाटातून तांबड्या काचेचा एक तुकडा शोधला, कोऱ्या डब्याच्या दिव्यावर लावला आणि पुन्हा केलं. तीळ. शंभरात सत्त्याण्णव. तिच्यापेक्षा पाच जास्त.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. सांगून टाकू का, नको, असं आलंच नाही. आलं ते हे की बावीस जूनला सुनावणी आहे. त्या दिवशी तिचा निबंध रद्द होईल. जुलैअखेर मी निवृत्त. मधल्या पाच आठवड्यांत मी माझ्या नावाने नवा निबंध देईन, लाल प्रकाशाने कार्बन-गंधक बंध. यंत्रं तपासतील, त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस वेळा जमेल. कुणी मला चोर म्हणणार नाही, कारण लाल काच मीच लावली. खरं म्हणजे पहिल्यांदाही मीच लावली होती. माझ्याच अंगठ्यावर पोरगी गावभर मिरवत होती, असंही मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःचा वकील झाला की खटला हरत नाही.

समितीला मी कळवलं, काम चालू आहे, निष्कर्ष नाही. आणि पुढचे अडीच आठवडे माझ्या खोलीत दार लावून एकामागून एक औषधं करत सुटले. सगळ्यांतून तीळ. मला इतका आनंद कधी झाला नव्हता आणि इतकी भीतीही.

*

एकवीस जूनला दुपारी कृत्तिका माझ्या दारात आली. चार महिन्यांपूर्वी टीव्हीवर होती ती ही नव्हे. हाताची नखं कुरतडलेली, डोळ्यांखाली काळं. हातात तीन बाटल्या, वर नुसते आकडे.

"मॅडम, वेळ आहे का? वास घ्यायचाय."

"यंत्र बंद आहे का?"

"यंत्राचे आकडे मी बनवते म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं नाक खोटं बोलतं असं अजून कुणी म्हटलेलं नाही."

मी पहिलं बूच उघडलं. रबर, कांदा. तिसरं, तसंच. दुसरं उघडलं आणि भाजलेला तीळ. मी सांगितलं, "दोन नंबर. स्वच्छ आहे."

ती स्टुलावर बसली. "दोन नंबर माझ्या डब्यातला आहे, मागच्या वर्षीचा. बाकीचे पडताळणी केंद्रांचे," ती म्हणाली. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही. मला तीन आठवडे वाटतंय मॅडम, की मीच झोपेत आकडे लिहिले असतील. आई म्हणते, माफी माग आणि घरी ये, कांद्याच्या व्यापाऱ्याचं स्थळ आहे."

माझ्यामागे दोन हातांच्या अंतरावर तो कोरा डबा होता. वर मी फडकं टाकलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, अगं, काच लाल लाव. चार शब्द. मी म्हटलं, "चहा घेतेस?"

"नको," ती म्हणाली. दारात थांबली. "एक तरी माणूस खरं सांगतं, तेवढं बरं वाटलं."

त्या संध्याकाळी मी घरी जेवले नाही. दिगंबरने विचारलं, पोरीचं काय होणार उद्या. मी म्हटलं मला काय माहीत. तो म्हणाला, "तुझ्या नाकाला माहीत नाही असं काही नसतं," आणि टीव्ही लावला. त्याला काही संशय नव्हता, सहज बोलला होता. मला मात्र ते वाक्य रात्रभर पुरलं.

सुनावणी सकाळी अकराला. समितीचे अध्यक्ष दिल्लीहून आलेले, वयाने माझ्याएवढे, फार वर्षं प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेले. कृत्तिका टेबलाच्या टोकाला, समोर राजीनाम्याचा आणि निबंध मागे घेतल्याचा कागद. मी दुसऱ्या टोकाला, मांडीवर माझी नोंदपाटी. आमच्या नोंदपाट्या केंद्राच्या मालकीच्या असतात. केलेला प्रत्येक प्रयोग वेळेसकट आपोआप नोंदला जातो आणि पुसता येत नाही. कागद पुढे सरकवून अध्यक्ष बोलायला लागले.

"यात सोनटक्के मॅडमसारख्यांकडून शिकण्यासारखं आहे," ते म्हणाले. "सात पायऱ्या, आठ पायऱ्या, पण प्रामाणिक. हल्लीच्या मुलांना आडवाटा हव्यात. अहो, कार्बन-हायड्रोजनचा बंध दिव्याने उघडून नेमक्या जागी गंधक बसेल, हे निसर्गातच बसत नाही. मुळात मूर्खपणाची कल्पना. मॅडम, बरोबर ना?"

तेहतीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते, की माझी पद्धत खरी. आणि ऐकलं ते कुणाच्या तोंडून, तर ज्याला बाटली उघडायला दिली तर बूच कुठे ठेवायचं ते कळणार नाही अशा माणसाच्या. कृत्तिकाने पेन उचललं होतं. माझ्या नाकात अजून काल दुपारचा तो तीळ होता. चांगुलपणा वगैरे काही नाही, माझं डोकं फिरलं.

"काय बसत नाही निसर्गात?" मी म्हटलं. "सत्त्याण्णव टक्के बसतं. मी स्वतः बसवलंय. तुम्हाला माहीत नाही त्यात बोलू नका."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. मग थांबण्यात अर्थ नव्हता. मी खंडेनवमीपासून सगळं सांगितलं, अंगठा, काच, निळा, लाल. अंगठाच का, तेही सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ऐकायला रंजक आहे, पण तोंडी गोष्टीवर मी निर्णय थांबवू शकत नाही, पुन्हा पडताळणीला तीन महिने लागतील, हातात काही नोंद आहे का.

नोंद होती. मांडीवरच होती. ती उघडली तर तिच्यावरची तारीखही उघडणार होती, हे मला आधीपासून माहीत होतं. मी एकदा कृत्तिकाकडे बघितलं. ती पहिल्यांदाच हसत होती, रडत होती, दोन्ही. मी पाटी भिंतीवरच्या पडद्याला जोडली. एकतीस प्रयोग, लाल काचेसह, एकाखाली एक. सगळ्यात वर पहिल्याची तारीख, तीन जून.

बाकीचे आकडे बघत होते. कृत्तिका तारीख बघत होती. तिचं हसू जायला फार वेळ लागला नाही.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. हळूच, पण टेबलाच्या या टोकाला मला ऐकू येईल असं. "काल मी आले तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची मागे सारून बाहेर गेली.

*

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. केंद्रांनी लाल काच लावून त्रेचाळीस वेळा केलं, त्रेचाळीस वेळा जमलं. निबंध तिचाच राहिला. सतरा रुग्णालयांची साठ झाली. सुधारलेल्या निबंधात तिने ती काच पहिल्यांदा कुणी लावली ते लिहिलं आणि तिला नाव दिलं. आता प्रत्येक डब्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, सोनटक्के काच. लोक माझं अभिनंदन करतात, शिष्य असावी तर अशी म्हणतात. मी हसून मान डोलावते. शाल घेताना, कार्ड परत करताना ती समोर नव्हती. फोन केला तर उचलायची, "बोला मॅडम" म्हणायची, कामाचं उत्तर द्यायची आणि ठेवायची. पेढे येत राहिले, पण दिगंबरच्या नावाने, कुरियरने. नाव मिळावं म्हणून जळत होते ते मिळालं, आणि ते वाचलं की मला एकोणीस दिवसच दिसतात.

ऑक्टोबरात केंद्रातून निरोप आला. खंडेनवमीला या, पूजेचा मान तुमचाच. निरोप कार्यालयाचा होता. मी म्हटलं, जात नाही. दिगंबरने माझी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली आणि बूट घालून दारात बसला.

गेटवर मला पाहुण्यांचा बिल्ला मिळाला. मी ताट घेऊन वजनकाट्यापासून सुरुवात केली, फ्रिजवर बारावा थर चढवला, चुंबकाला फूल वाहिलं. कृत्तिकाच्या खोलीशी आले तेव्हा दार उघडंच होतं. ती टेबलाशी उभी होती. तोच जुना डबा, झाकण उघडं, आत काचेवर माझा अंगठा तसाच. शेजारी नवा डबा, नव्या काचेचा. मी उंबऱ्यावरच थांबले.

"अंगठा का, ते तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता नव्या डब्यावरची धूळ हाताने झटकत होती. "मला वाटलं, रागावल्यात, उतरेल."

"उतरला नाही गं," मी म्हटलं. "अजून पूर्ण नाही उतरला. खोटं कशाला बोलू?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या ताटाला खालून आधार दिला आणि दुसऱ्या हाताने नव्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"लावा मॅडम," ती म्हणाली. "पण या वेळी बाहेरून."

मी करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि झाकणावर टिकलीएवढं कुंकू लावलं.